प्राध्यापक केस: मैदानावर आणि दारात

आपल्याकडच्या बहुतेक घरांत एक वाक्य ठरलेलं असतं: "खेळून काय पोट भरणार आहे?" मराठी घरात ते मराठीत येतं, कन्नड घरात कन्नडमध्ये. आमच्यासारख्या, माहेर धारवाडचं आणि सासर बेळगावचं असलेल्या घरांत ते दोन्ही भाषांत येतं. बॅट कोपऱ्यात आणि पुस्तक हातात, असा एकूण हिशेब. खेळणारा मुलगा अभ्यासात मागेच असणार आणि अभ्यासू मुलाला चेंडू धड झेलता येणार नाही, हे आपण जणू धरूनच चालतो.

या समजुतीला आपल्याकडे मोठा धक्का दिला तो प्रा. दि. ब. देवधरांनी. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत. १९२६ साली एम.सी.सी.चा संघ मुंबईत आला तेव्हा त्याच्याविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला. शंभरी ओलांडून १९९३ साली ते गेले. वर्गात कालिदास आणि मैदानावर कव्हर ड्राइव्ह, असं हे आयुष्य. जुन्या पिढीतले लोक अजूनही त्यांचं नाव 'प्रोफेसर' लावल्याशिवाय घेत नाहीत.

पण वाचकहो, आज देवधरांविषयी लिहायचं नाही. त्यांच्या जन्माच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी जन्मलेल्या एका इंग्रज प्राध्यापकाविषयी लिहायचं आहे. त्यांचं नाव थॉमस केस. आडनाव वाचून हसू येईल. डोक्यावरचे केस मराठीत, कोर्टातली केस मराठीत आणि कन्नडमध्येही. माझ्या मुलीने तर "आई, याच्यावर कोणती केस होती?" असंच विचारलं. तिचा प्रश्न मी बाजूला ठेवला, पण तो अगदीच गैरलागू नव्हता, हे पुढे कळेल.

मी बी.ए.च्या वर्गाला तर्कशास्त्र आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवते. आमच्या विषयात या माणसाचं नाव जुन्या ब्रिटानिका विश्वकोशामुळे टिकून आहे. १९१०-११ साली निघालेली त्याची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध आहे. तिच्यातले 'अ‍ॅरिस्टॉटल', 'लॉजिक' आणि 'मेटाफिजिक्स' हे तिन्ही मोठे लेख थॉमस केस यांचे. एका विश्वकोशातले इतके जड तीन विषय एकाच माणसाकडे सोपवले गेले, यावरून त्यांच्या विद्वत्तेची कल्पना यावी. आणि हाच माणूस तरुणपणी प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलेला होता!

केस यांचा जन्म १८४४ साली लिव्हरपूलचा. शिक्षण रग्बी शाळेत. ही तीच शाळा, जिच्या नावाने रग्बी हा खेळ ओळखला जातो. मुलांचं चारित्र्य वर्गात घडतं तसं मैदानावरही घडतं, ही व्हिक्टोरियन इंग्लंडची श्रद्धा अशाच शाळांमधून रुजली. तिथून केस ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात गेले. ग्रीक, लॅटिन, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान असा तिथला कडक अभ्यासक्रम. परीक्षांत त्यांनी पहिला वर्ग मिळवला, आणि त्याच वर्षांत ते विद्यापीठाच्या क्रिकेट संघातही होते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातला सामना हा त्या काळचा मोठा सोहळा असे. १८२७ साली तो पहिल्यांदा भरला, तो चार्ल्स वर्ड्सवर्थ यांच्या पुढाकाराने. हे कवी वर्ड्सवर्थ यांचे पुतणे, आणि पुढे बिशप झालेले. पुढे हा सामना लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर ठरून गेला. मैदानाच्या कडेने घोडागाड्यांची रांग लागे, प्रतिष्ठित घराण्यांतली मंडळी नटूनथटून येत. या सामन्यात जो खेळला त्याला 'ब्लू' म्हणत, आणि हा मान माणूस आयुष्यभर मिरवत असे. केस यांना तो १८६४ साली मिळाला. शिवाय त्याच सुमारास नव्याने निघालेल्या मिडलसेक्स काउंटी क्लबकडूनही ते खेळले. तेव्हा मिडलसेक्सचं घर लॉर्ड्स नव्हतं. लंडनमधल्या इझलिंग्टन भागात, गुरांच्या बाजाराजवळच्या मैदानावर त्यांचे सामने होत.

१८६४ हे वर्ष क्रिकेटच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखं. विस्डेनचं वार्षिक पहिल्यांदा निघालं ते याच वर्षी. आणि याच वर्षी जूनमध्ये एम.सी.सी.ने गोलंदाजाला हात खांद्याच्या वर नेऊन चेंडू टाकायची परवानगी दिली. आज गल्लीतलं पोरही हात डोक्यावरून फिरवून चेंडू टाकतं, त्यामुळे ही बंदी कधी होती हेच आपल्याला खरं वाटत नाही. पण त्याआधी हात खांद्याच्या वर गेला की पंच नो-बॉल देत.

गंमत अशी की गोलंदाज अनेक वर्षं हात वर नेतच होते. पंच बघून न बघितल्यासारखं करत. १८६२ साली ओव्हल मैदानावर एडगर विल्शर नावाच्या गोलंदाजाचे लागोपाठ सहा चेंडू पंच जॉन लिलीव्हाइट यांनी नो-बॉल ठरवले. तेव्हा विल्शर आणि त्याचे व्यावसायिक सहकारी मैदान सोडून निघून गेले आणि त्या दिवसाचा खेळच थांबला. दोन वर्षांनी नियम बदलला. म्हणजे खेळ आधी बदलला होता, नियम मागून धापा टाकत आला. वीस वर्षांच्या थॉमस केस यांच्या क्रिकेटच्या ऐन दिवसांत घडलेली ही गोष्ट. तिची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळच्या क्रिकेटमधली आणखी एक रीत सांगायला हवी. संघात दोन जाती असत: 'जंटलमन' आणि 'प्लेयर'. जंटलमन म्हणजे हौशी, पैसे न घेता खेळणारा. प्लेयर म्हणजे मजुरी घेऊन खेळणारा व्यावसायिक. केस अर्थातच पहिल्या गटातले. दोघे एकाच संघातून खेळत, पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायचं फाटकही बहुतेक ठिकाणी वेगळं. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापत आणि व्यावसायिकाची आडनावाच्या नंतर. दुसऱ्या महायुद्धानंतरही ही रीत चालू होती. याच मिडलसेक्सकडून खेळणाऱ्या फ्रेड टिटमस या व्यावसायिक खेळाडूची आद्याक्षरं एकदा चुकून आधी छापली गेली, तर लॉर्ड्सवर चक्क ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर झाली! ही विभागणी संपवायचा निर्णय १९६२ साली झाला. आपल्याला या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. पंगती, पाणवठे आणि पुढचं-मागचं दार यांचा इतिहास आपल्याकडेही पुरेसा आहे.

खेळाचे दिवस संपले आणि केस अध्यापनाकडे वळले. १८६८ साली त्यांना ब्रेझनोझ कॉलेजची फेलोशिप मिळाली. १८७० साली त्यांनी एलिझाबेथ बेनेट यांच्याशी लग्न केलं. एलिझाबेथचे वडील विल्यम स्टर्नडेल बेनेट हे इंग्लंडमधले नामांकित संगीतकार, मेंडेल्सझोन आणि शूमान यांचे स्नेही. ऑक्सफर्डमध्ये तेव्हा बहुतेक फेलोशिपा अविवाहित पुरुषांसाठीच असत. लग्न केलं की जागा सोडायची. मठातल्या संन्याशांसारखा हा नियम शेकडो वर्षं चालत आला होता आणि १८७७ च्या कायद्यानंतर तो हळूहळू सुटला. बायको घरात आली की विद्या मागच्या दाराने जाते, असा काहीतरी त्यामागचा समज असावा.

पुढे १८८९ साली केस तत्त्वज्ञानाचे वेनफ्लीट प्राध्यापक झाले. ऑक्सफर्डमधल्या तत्त्वज्ञानाच्या मानाच्या जागांपैकी ही एक. १९१० पर्यंत ती त्यांच्याकडे होती. शिवाय १९०४ पासून ते कॉर्पस क्रिस्ती कॉलेजचे अध्यक्ष झाले. हे कॉलेज लहान पण फार जुनं, १५१७ सालचं. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू अशा तीन भाषांतल्या ग्रंथांमुळे इरॅस्मस या थोर विद्वानाने त्याच्या ग्रंथालयाचं आरंभीच कौतुक केलं होतं. दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा तपशील आवडावा.

केस यांच्या तत्त्वज्ञानाविषयी थोडं सांगते, फार नाही. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये टी. एच. ग्रीन आणि एफ. एच. ब्रॅडली यांच्या चिद्‌वादाचा दबदबा होता. जगाचं अंतिम स्वरूप चैतन्यमय आहे, जड वस्तू म्हणून आपण ज्याला समजतो ते अखेरचं सत्य नाही, असा त्यांचा साधारण सूर. आपल्याकडे वेदान्त ऐकून वाढलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही. केस यांनी १८८८ साली 'फिजिकल रिअ‍ॅलिझम' हा ग्रंथ लिहून या प्रवाहाविरुद्ध उभं राहायचं धाडस केलं. त्यांचं म्हणणं असं: हाताला चटका बसतो तेव्हा आपल्याला प्रथम कळतो तो आपल्याच मज्जातंतूंमध्ये झालेला बदल. पण तो बदलही शारीरिक आहे, भौतिक आहे, नुसती मनातली कल्पना नाही. त्यावरून बाहेरच्या विस्तवाचं ज्ञान आपण अनुमानाने मिळवतो, आणि विज्ञान हेच काम पद्धतशीर करतं. खडबडीत खेळपट्टीवर अंगावर उसळलेला चेंडू ज्याने बरगडीवर घेतला आहे, त्याला बाहेरचं जग खरं वाटणारच, असं मी वर्गात गमतीने म्हणते. मुलं हसतात, आणि मुद्दा लक्षात राहतो.

अ‍ॅरिस्टॉटलविषयी तर त्यांनी काळाच्या पुढचं पाऊल टाकलं होतं. अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ म्हणजे एका दमात रचलेली पक्की इमारत नव्हे. त्याचे विचार आयुष्यभर बदलत, वाढत गेले, आधी तो प्लेटोच्या जवळ होता आणि मग दूर गेला, असं त्यांनी विश्वकोशातल्या लेखात मांडलं. हीच दृष्टी पुढे १९२३ साली जर्मन विद्वान वेर्नर येगर यांच्या ग्रंथामुळे जगभर गाजली. श्रेय बहुतेक येगर यांच्याकडे गेलं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, मॅडम आज एका आदर्श माणसाचं चरित्र सांगताहेत. मुलांच्या पाठ्यपुस्तकात घालावं असं. खेळाडू, विद्वान, निर्भीड. पण आता त्यांच्या आयुष्यातलं दुसरं पान उघडते.

ऑक्सफर्डमध्ये मुलींसाठी पहिली दोन वसतिगृहं निघाली १८७९ साली, लेडी मार्गारेट हॉल आणि सोमरव्हिल. १८८४ पासून काही पदवी परीक्षा मुलींना खुल्या झाल्या. म्हणजे मुली तिथे राहात, व्याख्यानं ऐकत, मुलांच्याच प्रश्नपत्रिका सोडवत, पहिल्या वर्गात येत. फक्त पदवी मिळत नसे. पेपर द्या, पास व्हा आणि घरी जा. १८९५ च्या सुमारास पदवीची मागणी जोरात पुढे आली, तेव्हा विरोधात उभ्या राहिलेल्यांमध्ये आघाडीवर होते आपले थॉमस केस. 'फोर्टनाइटली रिव्ह्यू' या मासिकात त्या वर्षी त्यांनी लेख लिहिला. मथळा अगदी सरळ होता: 'स्त्रियांना ऑक्सफर्डच्या पदव्या देण्याविरुद्ध'. १८९६ साली विद्यापीठाने ती मागणी फेटाळली.

"त्या काळी सगळेच तसे होते," असं आपण पटकन म्हणतो. ते इथे खरं नाही. ज्यांच्या तत्त्वज्ञानाला केस यांनी विरोध केला ते टी. एच. ग्रीन आणि त्यांच्या पत्नी ऑक्सफर्डमधल्या स्त्रीशिक्षणाच्या कामात आरंभापासून होते. ग्रीनही बेलियलचेच. केस यांचे सासरे बेनेट यांचा लंडनच्या क्वीन्स कॉलेजशी संबंध होता, आणि हे कॉलेज १८४८ साली मुलींच्या शिक्षणासाठीच निघालेलं. म्हणजे त्याच कॉलेजात, खुद्द सासरच्या घरात, वेगळा विचार करणारी माणसं होती. 'जग चैतन्यमय आहे' म्हणणाऱ्यांना समोरच्या मुलीची बुद्धी दिसली. वस्तुस्थिती धरून चला असं सांगणाऱ्या केस यांना मात्र निकालपत्रातली वस्तुस्थिती पुरेशी वाटली नाही. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मला ही गोष्ट अस्वस्थ करते. चांगला सिद्धान्त माणसाला आपोआप चांगलं बघायला शिकवत नाही.

केस १८८९ साली प्राध्यापक झाले, हे वर सांगितलं. त्याच वर्षी सोमरव्हिलमध्ये एक मुलगी दाखल झाली. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. आणि तिच्या बालपणीची काही वर्षं गेली ती आपल्या बेळगावात! हे इथल्या किती जणांना ठाऊक असेल? नंतर कुटुंब पुण्याला गेलं. डेक्कन कॉलेजात ती शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर म्हणून तिचं नाव घेतलं जातं. परीक्षेत ती इतकी वर आली की इंग्लंडला जाण्याच्या सरकारी शिष्यवृत्तीवर तिचा हक्क होता. पण ती मुलगी असल्यामुळे शिष्यवृत्ती मिळाली नाही. शेवटी इंग्लंडमधल्या काही सहृदय मंडळींनी वर्गणी काढून तिला बोलावून घेतलं. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या.

ऑक्सफर्डमध्ये कायद्याचा अभ्यास करणारी ती पहिली स्त्री. १८९२ साली तिला बी.सी.एल. ही कायद्याची अवघड परीक्षा द्यायची होती, तर त्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. बेलियलचे प्रमुख बेंजामिन जोवेट तिच्या पाठीशी उभे राहिले. तिने परीक्षा दिली, ती पास झाली, आणि रीतीप्रमाणे पदवीविना भारतात परतली. पुढे पडद्यात राहणाऱ्या विधवा आणि अल्पवयीन वारसांच्या मालमत्तेसाठी तिने वर्षानुवर्षं काम केलं. कायदा येत होता, पण वकिलीची सनद नव्हती, कारण बाईला सनद नव्हतीच. १८९२ च्या परीक्षेची पदवी तिच्या हाती पडली १९२२ साली. मधे तीस वर्षं गेली होती. तोपर्यंत ती पंचावन्न वर्षांची झाली होती.

आता मी माझ्या विषयावर येते, म्हणजे तर्कशास्त्रावर. पदवीच्या विरोधकांचा युक्तिवाद काय होता? 'मुलींना अक्कल नाही' असं म्हणणारेही होते, पण शहाणे विरोधक ते म्हणत नसत. त्यांचा युक्तिवाद साखळीसारखा होता. आज बी.ए. दिली तर उद्या एम.ए. द्यावी लागेल. ऑक्सफर्डच्या एम.ए.ला विद्यापीठाच्या सभेत मत असतं, म्हणजे स्त्रियांना मत द्यावं लागेल. मत दिलं की त्या कारभारात येतील, आणि पुरुषांचं म्हणून उभं राहिलेलं हे विद्यापीठ मिश्र होऊन जाईल. म्हणून पहिली कडीच नको.

वाचकहो, ही साखळी मी शंभर वर्षांनंतर माझ्या स्टाफरूममध्ये ऐकली आहे, शुद्ध मराठीत. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षातली एक हुशार मुलगी वर्गात यायची थांबली. मी निरोप पाठवला तेव्हा वडील भेटायला आले. अतिशय सज्जन गृहस्थ, बोलणं मर्यादेचं. म्हणाले, "मॅडम, मुलगी हुशार आहे हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर काळजी वाटते. आता डिग्री झाली की बी.एड. म्हणेल. बी.एड. झालं की नोकरी म्हणेल. नोकरी लागली की मुलगा मीच बघते म्हणेल. त्यापेक्षा आत्ताच बरं." मी बरंच काही बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा घेतला, नमस्कार केला आणि ते गेले. मुलीचं लग्न झालं. हजेरीपटावर तिचं नाव वर्ष संपेपर्यंत होतं.

अशा युक्तिवादाला आम्ही वर्गात 'घसरगुंडीचा तर्कदोष' म्हणतो. पहिली पायरी चढलात की शेवटची अटळच आहे, असं पुराव्याविना गृहीत धरणं म्हणजे हा दोष. पण केस यांच्या बाबतीत मला ते शिकवताना अडखळायला होतं. कारण त्यांची साखळी खरी ठरली! १९२० साली ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या दिल्या. त्याच वर्षी तिथली सक्तीची ग्रीकही गेली. केस तेव्हा ७६ वर्षांचे होते आणि अजून कॉर्पसचे अध्यक्ष होते. १९२४ साली त्यांनी ते पद सोडलं, १९२५ साली ते वारले. १९७९ साली त्यांच्याच कॉर्पस कॉलेजात पदवीच्या वर्गाला मुली आल्या. आणि २०१८ साली त्याच कॉलेजच्या अध्यक्षपदी, म्हणजे थेट केस यांच्या खुर्चीवर, हेलन मूर या विदुषीची निवड झाली. बी.ए., एम.ए., मत, कारभार: एकेक कडी अगदी क्रमाने जुळत गेली.

मग चुकलं कुठे? चुकलं ते शेवटच्या गृहीतकात. 'असं होईल' इथपर्यंत तर्क बरोबर होता. 'आणि ते वाईट असेल' हे मात्र कुणी सिद्ध केलंच नव्हतं. ते मनात आधीच ठरलेलं होतं. कॉर्पस कॉलेज बुडालं नाही. तिथलं ग्रंथालय अजून आहे, ग्रीक शिकणारी मुलं आहेत, मुलीही आहेत. त्या वडिलांची साखळीही तशीच. मुलगी बी.एड. करील, नोकरी करील, जोडीदार निवडील. बरं, मग? या 'मग'चं उत्तर द्यायला आपण कधी थांबत नाही.

आणि इथे मला १८६४ सालचा तो नियम आठवतो. गोलंदाजांचे हात आधीच वर गेले होते, मग नियमाने ते मान्य केलं. मुलींनीही पेपर आधीच सोडवले होते, गुण मिळवले होते, नियम १९२० साली आला. तरुण केस यांनी पहिला बदल मैदानावर अनुभवला. हात वर गेल्याने क्रिकेट संपलं नाही, उलट बहरलं. दुसऱ्या बदलाच्या वेळी हाच अनुभव त्यांच्या उपयोगी पडला नाही. मैदानावर नियम पाळणं त्यांना येत होतं. नियम कोण करतं आणि फाटक कुणासाठी बंद आहे, हा प्रश्न जंटलमनच्या फाटकातून आत शिरणाऱ्याला सहसा पडत नाही.

केस यांना खलनायक करण्यात मला रस नाही. ते दुष्ट असते तर ही गोष्ट सोपी झाली असती. आपल्या घरांतही नकार देणारी माणसं दुष्ट नसतात. प्रेमळ असतात, शिकलेली असतात, आपल्या माणसांची काळजी करतात. नकारही ती थेट देत नाहीत. मराठीत 'बघू' म्हणतात, कन्नडमध्ये 'नोडोण'. दोन्ही घरांत वावरलेली असल्यामुळे मी खात्रीने सांगते, दोन्ही शब्दांचा अर्थ तोच आणि वजनही तेच. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी 'बघू' म्हणजे कर्जाची चौकशी. मुलीच्या पदवीसाठी 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा पूर्णविराम.

ती वर्गात यायची थांबलेली मुलगी, तिचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सहा वर्षांनी तिचा फोन आला. मागे लहान मुलाच्या रडण्याचा आवाज होता. म्हणाली, "मॅडम, राहिलेलं वर्ष आता दूरशिक्षणाने केलं तर चालेल काय? घरात सगळे हो म्हणालेत. पण फार उशीर झाला असं वाटतंय." मी तिला कॉर्नेलियाचं नाव सांगितलं आणि तीस वर्षांचा हिशेब सांगितला. ती हसली. "मग माझी सहाच झाली," म्हणाली. तिने अर्ज भरला आहे. तिची पुस्तकं माझ्या कपाटात काढून ठेवली आहेत, आणि तर्कशास्त्राच्या पुस्तकात घसरगुंडीच्या पानावर खूण घातली आहे.